रस्ता नव्हता म्हणून जीप होती

थारवाल्या मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. कमेंट बंद करणार नाही.

जुलैतला रविवार होता. आमच्या पाटण तालुक्यात जुलैचा रविवार म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. वर सड्यावर धुकं, घाटात धबधबे आणि रस्त्यावर पुण्या-मुंबईपासून कराड-साताऱ्यापर्यंतच्या गाड्या. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या चुलत्यांच्या छातीत कळ आली. घामानं अंगरखा भिजला, हात गार पडले. रुग्णवाहिकेला खालून आमच्या वाडीवर यायलाच तास लागतो, म्हणून वाट बघत बसलो नाही. गावातल्या एकाची जुनी बोलेरो आहे, तिच्या मधल्या सीटवर त्यांना आडवं केलं. चुलती उशाशी, मी पुढं.

तिसऱ्या वळणावर रस्ता बंद.

तीन उंच गाड्या आडव्या-तिडव्या उभ्या. एक कडेच्या चढणीवर चढवायला गेले होते, ती अर्ध्यात घसरून रस्त्यात तिरकी आली होती. वर ड्रोन, खाली स्पीकर, टपावर शर्ट काढलेला एक जण. मी उतरून पळत गेलो. म्हटलं, "दादा, पेशंट हाय गाडीत. जरा बाजूला घ्या."

तर तो म्हणाला, "काका, दोन मिनिटं थांबा ना, शॉट चालू आहे."

दोन मिनिटांची पस्तीस मिनिटं झाली. कारण ती तिरकी गाडी काढता येईना. शेवटी आमच्या बोलेरोच्या ड्रायव्हरनेच दोर लावून ती मागं ओढली. त्यांना फोर बाय फोर कधी टाकायचं आणि कसं टाकायचं हेही माहीत नव्हतं. जाताना एकाने आम्हाला 'थँक यू काका' म्हणत अंगठा दाखवला.

चुलते वाचले. कराडला वेळेत म्हणता येणार नाही, पण पोचलो. डॉक्टर एवढंच म्हणाले, अर्धा तास आधी आला असता तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं. आता त्यांना जिना चढवत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नाचणीच्या खाचरापर्यंत शेणखताच्या पाट्या वाहिल्या, तो आता ओसरीवर बसून असतो.

गाड्या कुठल्या कंपनीच्या होत्या ते मी लिहिणार नाही. दोष लोखंडाचा नव्हता. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती लिहायचीच आहे. जी गाडी रस्ता नसलेल्या गावात माणूस पोचवायला आली, तीच गाडी आता असलेला रस्ता अडवायला कशी काय लागली?

जरा मागं जाऊ.

जीप जन्माला आली ती लढाईसाठी. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला चिखलात, वाळूत, दगडात चालेल अशी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने पहिला नमुना करून दिला, मग विलिस आणि फोर्डने त्या गाड्या लाखांनी बनवल्या. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या होत्या. त्या गाडीत दिखाऊ काहीच नव्हतं. सपाट पत्रे, दुमडता येणारी काच, वर कापडी हूड. पाना आणि हातोडा असेल तर कुठंही दुरुस्त व्हावी, एवढाच विचार.

आपल्याकडे १९४५ मध्ये कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. त्याच काळात मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात झाली. म्हणजे भारतातल्या जीपची नाळ आपल्या माझगावात पुरलेली आहे. आजची थारसुद्धा आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते. हे अभिमानाने सांगायला मला काहीच अडचण नाही.

जीप आणि सत्तेचं नातंही तेवढंच जुनं. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदी घोटाळा जीपांचाच. १९४८ मध्ये काश्मीरचं युद्ध चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपांचा ८० लाखांचा करार केला. आल्या १५५, त्याही धड नव्हत्या. चौकशीची मागणी झाली, सरकारने १९५५ मध्ये प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात गेले. तेव्हा पुढाऱ्याच्या ताफ्यातली जीप बघून कुणी उगाच 'पूर्वी असं नव्हतं' म्हणू नये. पूर्वीही होतं.

पण दुसरी बाजूही होती. २ ऑक्टोबर १९५२ ला, गांधी जयंतीच्या दिवशी, देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून गावोगाव गटविकास अधिकाऱ्याची जीप आली. आमच्या आजोबांच्या पिढीने पहिल्यांदा बघितलेलं मोटारवाहन म्हणजे हीच जीप. तिच्यातून बियाणं आलं, देवीची लस टोचणारा माणूस आला, शाळा तपासनीस आला, आणि वसुलीलाही तीच आली. पोरं तिच्या धुरळ्यामागं पळायची. सरकार म्हणजे जीप, अशी सरळ समजूत होती.

मग सरकारची जीप फाट्यापर्यंतच राहिली आणि गावाने स्वतःची जीप केली. तिचं नाव वडाप.

आता माझं घरचं सांगतो. आमचे आण्णा वडाप चालवायचे. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्सवर ड्रायव्हर होते. ट्रॅक्स म्हणजे पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीची, आताच्या फोर्सची. मग १९९६ मध्ये आईच्या पाटल्या मोडून आणि सोसायटीचं कर्ज काढून स्वतःची सेकंडहँड कमांडर घेतली. एसटी फाट्यापर्यंत यायची, पुढं एसटी जाईल असा रस्ताच नव्हता. फाट्यापासून वर सात-आठ वाड्या. त्या सगळ्या वाड्यांचं जग आण्णांच्या कमांडरमधून ये-जा करायचं.

त्या गाडीत काय नाही वाहिलं? बाजाराच्या दिवशी कोंबड्या, खताची पोती, पत्र्याचे डाग. मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी आणि त्यांच्या बॅगा. परीक्षेला निघालेली पोरं, ज्यांच्याकडून आण्णांनी कधी भाडं घेतलं नाही. नवरी. मढं. एकाच आठवड्यात दोन्हीही.

आणि ऐका, ती कमांडर फोर बाय फोर नव्हती. नुसती मागच्या चाकांवर चालणारी. पावसाळ्यात वरच्या चढाला चाकं फिरायला लागली की आण्णा ओरडायचे, "आरं, पुढं बसलेली दोघं मागं जावा!" मागं माणसं वाढली की वजनाने चाकं जमीन धरतात. तरी नाही चढली तर दोघं उतरून चाकाखाली दगड लावायचे. तेवढ्यावर ती गाडी जिथं जायची तिथं आज बारा-पंधरा लाखांची गाडी घेऊन गेलेलं पोरगं रील टाकतं आणि खाली लिहितं, 'नो रोड, नो प्रॉब्लेम'. बाळा, आमच्या आईबापांचा तोच तर प्रॉब्लेम होता.

वडापचं मी सोनं करणार नाही. नऊ जणांच्या गाडीत एकोणीस माणसं कोंबायची. दाराला लोंबकळणारे वेगळे. परवाना नाही, हप्ता चालू. कुणाला द्यायचा ते लिहायची गरज नाही, इथं सगळ्यांना माहीत आहे. अपघातही झाले. आमच्याच ओळखीच्या एका जीपचा ब्रेक लागला नाही आणि तीन घरं उजाड झाली. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सहाला गाडी लावली, कारण फाट्यावर माणसं उभी होती. ते बेकायदा होतं, धोक्याचं होतं आणि त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एका रात्रीची गोष्ट सांगतो, तेव्हा मी नववीत होतो. आषाढातला पाऊस. वरच्या वाडीतली एक बाई अडली होती. तिच्या घरापर्यंत जीपही जात नव्हती. घोंगडीची झोळी करून चार जणांनी तिला ओढ्यापर्यंत आणलं आणि ओढ्याच्या अलीकडे आण्णा हेडलाइट लावून उभे. दीड तास इंजिन बंद केलं नाही, कारण बॅटरी कमजोर होती, परत चालू झाली नाही तर काय घ्या. डिझेल जळत होतं. मी म्हटलं, "आण्णा, डिझेल संपंल." ते म्हणाले, "संपू दे. उद्या ढकलू." ती बाई वाचली, मूलही वाचलं. ते मूल आता पुण्यात चाकणला कामाला आहे. मागच्या दिवाळीला भेटला तर सांगत होता, थार बुक करायची आहे.

घे बाबा. तुझा हक्क सगळ्यात आधी.

थार २०१० मध्ये आली. जुन्या जीपची शेवटची नातेवाईक म्हणावी अशीच होती ती. मग नवी थार आली २०२० मध्ये, तारीख २ ऑक्टोबर. पुन्हा गांधी जयंती. किंमत ९ लाख ८० हजारांपासून. मग जानेवारी २०२३ मध्ये तिचा एक प्रकार आला ज्यात पुढच्या चाकांना ताकदच जात नाही. तोच चेहरा, तोच रुबाब, चालते मागच्या दोन चाकांवर, आण्णांच्या कमांडरसारखी. आणि १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची रॉक्स, १२ लाख ९९ हजारांपासून पुढं.

कंपनीने काही फसवलेलं नाही. जे आहे ते लिहून विकलं आणि लोकांनी रांगा लावून घेतलं. शहरातल्या रस्त्यावर फोर बाय फोर लागतच नाही हे गिऱ्हाइकालाही माहीत आहे. मग तो घेतो काय? तो चेहरा घेतो. जो चेहरा सीमेवरच्या जवानांनी, वडापच्या ड्रायव्हरांनी, लस घेऊन डोंगर चढणाऱ्या नर्सबाईंनी सत्तर वर्षं चिखलात घालून कमावला, तो चेहरा. कमावला एकाने, मिरवतो दुसरा. तेही चालेल. मिरवायलाही माझी ना नाही. हौसेला मोल नसतं.

माझी हरकत पुढं सुरू होते.

दणकट गाडी या शब्दाचा अर्थ आमच्याकडे एकच होता: ही गाडी पोचवते. आता त्याचा अर्थ झालाय: ही गाडी बघून बाजूला व्हा. पुढं लोखंडी गार्ड, काळ्या काचा, हूटर, नंबर असा की वाचताना ८०५५ चं 'बॉस' दिसावं. वाढदिवसाला बॉनेटवर केक आणि केक कापायला तलवार. हे सगळं बेकायदा आहे हेही माहीत असतं. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं, कारण त्या गार्डमुळे धडकेत पायी चालणारा माणूस मरतो आणि आतल्याची एअरबॅगही नीट उघडत नाही. पण गार्ड लावलेली गाडी कुणाच्या ताफ्यात फिरते हे बघूनच आपल्याकडे पावती फाडायची की सलाम ठोकायचा हे ठरतं.

हे फक्त आपल्याकडे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनी थार आणि बुलेट चालवणाऱ्यांबद्दल जाहीरपणे कडक विधान केलं, त्यावर किती गदारोळ झाला तुम्ही वाचलंच असेल. मला ते विधान पटलं नाही. गाडी बघून माणसाला गुंड ठरवायचं तर उद्या धोतर बघून अडाणी ठरवाल. पण तेवढं बोलून सुटकाही नाही. कारण उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला ३ ऑक्टोबर २०२१ ला आंदोलन करून परतणाऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावर जी गाडी गेली, ती थार होती. खटला चालू आहे, दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. मला फक्त ते दृश्य विसरता येत नाही. ज्या गाडीचा इतिहास शेतकऱ्याला बाजाराला नेण्याचा, ती शेतकऱ्याच्या पाठीमागून आली. आणि त्या बातमीखालीही काही लोकांनी 'पॉवर' म्हणून लिहिलं होतं. हे लिहिणारी पोरं आपलीच आहेत, आपल्याच गावातली. भीती मला त्याची वाटते.

आता सड्याकडे या.

सडा म्हणजे बाहेरच्याला मोकळं मैदान वाटतं. गाडी फिरवायला फुकटचा ट्रॅक. अरे, तो जांभ्या खडक आहे, वर बोटभर माती. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत पाणी थबकतं आणि त्यातच गेंद, सीतेची आसवं असली फुलं येतात. कास त्यासाठीच जगाला माहीत झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा झाला, त्यात कास आहे, आमचं कोयना अभयारण्य आहे. एकदा टायरची चाकोरी पडली की पाणी त्या चाकोरीने वाहून जातं, माती जाते, खाली खडक उघडा पडतो. पुढच्या वर्षी तिथं काही उगवत नाही. आमचे गुराखी सड्यावर बैलगाडीसुद्धा ठरलेल्या वाटेनेच नेतात. त्यांना कुणी पर्यावरण शिकवलेलं नाही. गुरं काय खातील एवढंच कळतं, आणि तेवढं पुरतं.

तीच गत कोकणात. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वाळू उकरून अंडी घालतात. तिथली गावातली माणसं रात्र-रात्र जागून ती घरटी राखतात. आणि सुट्टीला आलेला पाहुणा त्याच वाळूवर गाडीने गोल गोल फिरतो. भरती आली की गाडी रुतते, मग ओढायला गावातला ट्रॅक्टर किंवा बैलजोडी लागते. ते व्हिडिओ बघून आपण हसतो. हसण्यासारखं आहेच. पण अंगावर येतं ते हे की पोलीस गुन्हा नोंदवतात, बातमी येते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

आता माझ्यावर येणारे तीन आक्षेप मीच लिहितो, तुमचा वेळ वाचेल.

एक, "तुम्हाला घेता येत नाही म्हणून जळता." मान्य. मला थार आवडते. शोरूमला जाऊन दोनदा बसून आलोय. बसल्यावर पहिल्यांदा हात लीव्हरकडेच गेला. जळत असेन, पण त्याने चुलत्यांची पस्तीस मिनिटं परत येत नाहीत.

दोन, "सगळे थारवाले तसे नाहीत." शंभर टक्के. जुलै २०२१ ला आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर कोसळला, घरं माणसांसकट गेली. रस्ते वाहून गेले होते. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या भागात चार-पाच जणांचा एक गट आला, दोन थार, एक जुनी जिप्सी. तांदूळ, चादरी, औषधं घेऊन. जिथं पिकअप जाईना तिथं या गाड्या गेल्या. एकानेही टपावर उभं राहून फोटो काढला नाही. रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपले, सकाळी गाडीचे पाटे तपासून पुन्हा निघाले. त्यातला एक सांगत होता, पंधरा वर्षं जुनी जीप सांभाळतोय, तिचे सुटे भाग शोधत भंगारबाजार पालथा घालतो. मी त्याला आण्णांबद्दल सांगितलं. आण्णा ओट्यावर बसले होते. तो आत येऊन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, आम्ही हौस करतो. तुम्ही गाडी चालवलीत." आण्णांना काय बोलावं कळेना. म्हणाले, "पाटं बघ, उजव्या अंगाला गाडी बसल्यासारखी वाटतीया." खरंच एक पान तुटलेलं निघालं.

मालक म्हणावा तर असा. गाडीची ताकद त्याला ठाऊक होती आणि ती कधी वापरायची हेही.

तीन, "रस्ते नाहीत हा सरकारचा दोष, आमच्यावर कशाला?" बरोबर. मग सरकारकडेच येतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. चांगली योजना, तिने देश जोडला, नाकारणार नाही. पण तिच्यात साधी अट होती: सपाटीच्या राज्यात वस्ती किमान ५०० लोकांची हवी. डोंगरी राज्यं, वाळवंटी आणि आदिवासी क्षेत्रं यांना सवलत, तिथं २५०. आता महाराष्ट्र कागदावर डोंगरी राज्य नाही. सातारा जिल्हा आदिवासी क्षेत्रात नाही. म्हणजे सह्याद्रीच्या उभ्या कड्यावरची आमची वाडी कागदावर सपाटीला आहे! लोकवस्ती शे-दीडशे. पाचशे कुठून आणायची? रस्ता नाही म्हणून पोरं मुंबईला जातात, पोरं जातात म्हणून लोकसंख्या घटते, लोकसंख्या नाही म्हणून रस्ता नाही. पुढं राज्याच्या योजनेतून काही वाड्यांना रस्ता आला, काहींचा अर्धा आला, वरच्या दोन वाड्यांचा अजून आलेला नाही. तिथं अजून झोळी आहे.

आणि आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेची गत काय? चढाला मागची चाकं चिखलात फिरत बसतात आणि नातेवाईक उतरून ढकलतात. ज्या देशात चारही चाकांची ताकद रील काढायला मिळते, त्या देशात ती रुग्णवाहिकेला मिळू नये? नाशिकला बनणारी गाडी पाटणच्या आरोग्य केंद्रात पोचत नाही, पण पाटणच्या धबधब्यावर दर रविवारी पन्नास पोचतात. ह्याचा राग येत नसेल तर आपण कशाचा राग धरायचा?

म्हणून मागण्या सरळ लिहितो. आमदार, पालकमंत्री, जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत पोचवायला मदत करा.

पहिली: डोंगरी भागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला एक तरी फोर बाय फोर रुग्णवाहिका. पाचशे लोकसंख्येचं तुणतुणं वाजवू नका, चढ मोजा.

दुसरी: जुलै ते सप्टेंबर दर शनिवार-रविवार घाटातल्या धबधब्यांच्या वळणांवर पोलीस आणि होमगार्ड उभे करा. रस्त्यात गाडी लावून चित्रण करणाऱ्याची गाडी उचला, मग ती कुणाच्याही ताफ्यातली असो.

तिसरी: सड्यांच्या तोंडाला दगडी अडथळे टाका. गुरं जातील, माणूस जाईल, चारचाकी जाणार नाही एवढी फट ठेवा. ग्रामपंचायत ठराव करू शकते. आमच्या ग्रामसभेत मी तो मांडणार आहे. तुमच्याही मांडा.

चौथी मागणी गाडीवाल्यांकडे, आणि ती मागणी नाही, विनंती आहे. तुमचे गट आहेत, क्लब आहेत, व्हॉट्सअॅप आहे. तहसील कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा विभाग असतो. तिथं नाव, नंबर, गाडी कुठली, दोर-विंच आहे का, एवढं लिहून द्या. पावसाळ्यात दरड पडली की तुम्हाला फोन येईल. तुमच्या गाडीला जिथं जायला आवडतं तिथंच जायचं आहे, फक्त मागच्या सीटवर कुणीतरी असेल. एकदा नेऊन बघा. मग कळेल त्या गाडीला दणकट का म्हणतात.

आणि घाटातला एक नियम, जो आण्णांनी मला स्टेअरिंगला हात लावायच्या आधी शिकवला आणि जो कायद्यातही आहे: अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. कारण चढणारा थांबला तर त्याला परत उचलणं अवघड. आण्णा म्हणायचे, ज्याचं इंजिन रडतंय त्याला आधी जाऊ दे. अख्ख्या देशाने एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

आण्णांची कमांडर २०११ मध्ये विकली. भंगारात गेली असणार. तिचा मागचा पत्र्याचा बाक तेवढा काढून ठेवला होता, तो अजून ओसरीवर आहे. चुलते आता त्याच्यावर बसून असतात. घाटातून वर जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो. रविवारी जास्त येतो.

पटलं असेल तर पुढं पाठवा, विशेषतः ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला. आणि या पावसाळ्यात वर येणार असाल तर जरूर या, चहा आमच्याकडे. गाडी फक्त कडेला लावा.